पासष्टच्या जागी

"बाई, इथं उर्दू चालत नाही."

साहेबांनी यादीचा कागद दोन बोटांत धरून अख्ख्या रांगेला दाखवला. बिबवेवाडीतल्या आमच्या कार्यालयात वस्तीच्या पुनर्वसनाची यादी लागायची होती. टाइप मी केली होती. कागदावर एकही नाव नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची खूण. रांग हसली. आधी मीही हसले. त्याची आजही लाज वाटते.

उर्दू मला वाचता येत नाही. आमच्या चार पिढ्या कसबा पेठेत गेल्या. शाळा मराठी.

रांगेत पुढेच कौसाबाई होत्या. चार घरची भांडी घासणाऱ्या. कागदावर बोट फिरवत म्हणाल्या, "पोरी, यात मी कुठंय?"

मी साहेबांना सांगू लागले. "कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. तोही फक्त शून्य आणि एक वापरून, आठ घरांत. ०१०००००१ म्हणजे पासष्ट. इंग्रजीत पासष्ट म्हणजे 'ए', असं ठरलेलं आहे. आपल्या जुन्या फॉन्टनं त्याच पासष्टवर मराठी आकार बसवलाय. काल मशीन बदललं, फॉन्ट टाकायचा राहिला. आकडे सगळे जागेवर आहेत. फॉन्ट टाका, नावं दिसतील. दहा मिनिटांचं काम."

"अहो, एवढी विद्वत्ता असती तर आपण रोजंदारीवर असता का?"

रांग पुन्हा हसली. कौसाबाई हसल्या नाहीत.

फाईलबरोबर फॉन्ट द्यायचा, हे प्रत्येक टायपिस्टला माहीत असतं. जुन्या मशीनवर मी सूचनांचा कागद चिकटवला होता. पहिलीच सूचना: मशीन बदलण्याआधी फॉन्ट काढून घ्या. मशीन भंगारात गेलं, कागदही गेला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. माफीपत्र हवं होतं. मजकूर ते सांगणार, टाइप मी करायचा. नव्या मशीनवर, त्याच्या स्वतःच्या मराठी फॉन्टमध्ये; त्याचे आकडे वेगळे.

"मला मराठी नीट येत नसल्यामुळे यादीत चुका झाल्या."

केलं टाइप. घरी अब्बा अंथरुणाला खिळलेले, कमावती मी एकटी. प्रिंट हातात घेतला. वाचला. एकही चूक नव्हती. मराठी येत नाही, हे मी स्वच्छ मराठीत लिहून दिलं होतं. फक्त सही राहिली होती.

"सही करणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

गेले नाही. यादी दुसऱ्या कुणीतरी हस्तलिखित अर्जांवरून नव्यानं टाइप केली. कौसाबाईंचा अर्ज गठ्ठ्यात सापडला नाही. घरं वाटली गेली. वस्ती पाडली. कौसाबाई मांजरी गावात भाचीच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. यादीत नाव आहे का, हे त्या आता विचारतही नाहीत.

यादी टाइप केली तेव्हाच मी तिची प्रत सीडीवर घेतली होती; त्या सीडीत त्यांचं नाव आहे. घरचं जुनं मशीन मी त्यासाठीच ठेवलंय. चालू केलं की फॉन्टसकट यादी उघडते, त्यांचं नाव स्वच्छ दिसतं. त्या पानाची प्रत जोडून दर तीन महिन्यांनी अर्ज देते. उत्तर ठरलेलं: "नोंद आढळत नाही." नवे साहेब आले की एवढंच म्हणतात, "तेव्हा माफीपत्र दिलं असतं तर विषय मिटला असता."

अब्बा गेले. माझी पुन्हा कुठं नीट नोकरी लागली नाही. हे बदलेल असं वाटत नाही.

सोमवारचा अर्ज तयार आहे. पान एक, अर्ज. पान दोन, यादी. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलणार नाही. आणि माफीपत्रातल्या त्या ओळीखाली माझी सही त्यांना मिळणार नाही.