‘ये’ आणि ‘येते’

काकूंकडे कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, धुणीभांडी असतील. निघाली कुत्र्याची पिल्लं. वारज्याला हायवेच्या कडेला कुणी खोक्यात घालून टाकलेली पिल्लं काकू घरी आणायच्या, जगवायच्या, चार गोष्टी शिकवायच्या आणि चांगलं घर बघून द्यायच्या. माझं गाव पार भंडाऱ्याकडं, शाळा सातवीत सुटलेली, पुण्यात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. तरी काकूंनी जिन्याखालची खोली दिली आणि म्हणाल्या, “मला मदतीला माणूस हवंय, पदवी नको. पदवी माझ्याकडे आहे, तिला पिल्लं विचारत नाहीत.”

त्या खोलीचे उपकार मी आजही विसरलेले नाही. तेव्हा तर ती आपल्या हातून जाईल की काय, या धास्तीनं मी दिवसभर काही ना काही पुसत असायची.

पिल्लांना शब्द तीनच शिकवायचे. बस, थांब, ये. काकूंचा नियम असा, की एका कामाला एकच शब्द आणि सूरही एकच. “आज ‘ये’, उद्या ‘येतेस का गं सोन्या’, असं करायचं नाही. आपण पिल्लू शिकवतोय, स्थळ बघत नाही.” शब्द ऐकला की अंड्याचा एवढासा तुकडा. ‘ये’ तर पिल्लं लगेच शिकतात, कारण यायला त्यांना आवडतंच. अवघड ते ‘थांब’. तळहात समोर धरून आपण मागं सरायचं, आणि खाऊ दिसत असताना त्या एवढ्याशा जिवानं जागेवर राहायचं.

त्या खेपेची सगळी पिल्लं गेली, एक काळी तेवढी उरली. भित्री होती. माणसं बघायला आली की शिलाई मशीनखाली शिरायची. सोसायटीनं काकूंना बजावलं होतं, महिनाअखेर पिल्लू दिसता कामा नये. नाहीतर शहराबाहेरच्या निवाऱ्यात, पिंजऱ्यात. काकू तो निवारा एकदा बघून आल्या होत्या, आणि त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. मी मात्र काळीला घेऊन बसायची आणि सारखी म्हणायची, शीक बाई, पटकन शीक.

शेवटी शनिवार पेठेतून एक आजी आणि त्यांची नात आली. काळी मशीनखाली गेली खरी, पण नात शहाणी. जमिनीवर पालथी पडून राहिली, काही बोललीच नाही. मी तिच्या हातात अंड्याचा तुकडा दिला आणि शब्द सांगितला. ती हळूच म्हणाली, “ये.” काळी आली. पुन्हा “ये”, पुन्हा आली. आजी खुर्चीतून बघत होत्या. “बरी आहे,” म्हणाल्या. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. पेठेतल्या माणसाचं ‘बरी आहे’ म्हणजे केवढं, ते मला तोवर कळायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी न्यायला येतो, असं ठरवून दोघी निघाल्या. मी काळीला दारात ‘थांब’ करून उभी राहिले. रिक्षा गल्लीच्या पलीकडे उभी होती. नात पलीकडे पोचली, वळली आणि ओरडली, “जाते गं ताई!”

“जाते नाही म्हणायचं,” आजींनी टोकलं. “येते म्हण.”

“येऽऽते!”

त्यातला पहिला ‘ये’ पोरीनं असा काही लांबवला, की काळीला तेवढाच ऐकू गेला. ती माझ्या पायाजवळून सुटली ती सरळ गल्लीत. आणि गल्लीत पाण्याचा टँकर मागं घेत होते. ते रिव्हर्सचं गाणं वाजत होतं. ड्रायव्हरला मागचं काय दिसणार? पोर घाबरली, आणि घाबरून खरंच बोलवायला लागली, “ये! ये! लवकर ये!” काळी चाकाच्या रोखानं निघाली.

माझ्या तोंडून शब्द गेला तो गावचा. “थांब वं!”

काळी थांबली. मान पोरीकडं, अंग तिकडं झुकलेलं, पण पाय जागेवर. टँकर तिच्या नाकापुढून मागं सरकत गेला. मी जाऊन तिला उचललं. मागून काकूंचा आवाज आला, “ते ‘वं’ आपण शिकवलं नव्हतं.” मग जवळ येऊन काळीचे पाय चाचपत, “असू दे.”

आजी मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. “नाही हो जमायचं,” त्या काकूंना म्हणाल्या. “आमचं दार थेट रस्त्यावर उघडतं. दिवसभर माणसांची ये-जा, आणि प्रत्येक जण निघताना येतो, येतेच म्हणणार. आता ही कुत्री आली म्हणून मी लोकांना ‘जातो’ म्हणायला लावू?”

मीच बोलून गेले, “रविवारपर्यंत वेळ द्या, आजी. मी शब्द बदलते.”

बोलून तर बसले. असा कोणता शब्द, जो पेठेत कुणीच म्हणत नाही? आठवली ती आई. संध्याकाळी कोंबड्या गोळा करताना ती “तिऽतिऽतिऽ” करायची. काकूंनी ऐकलं. “म्हणजे आता कुत्री देणार म्हणून कोंबडी देणार आपण.” पण दुसऱ्या मिनिटाला त्याच “तिऽतिऽतिऽ” करत अंडं सोलत होत्या.

आठवडाभर आमच्या घरातून कुणी ना कुणी निघतच होतं. मी कचरा टाकायला, “येते हं काकू!” काकू दुधाला, “येते गं!” ‘ये’ला काहीच नाही, “तिऽतिऽतिऽ”ला अंडं. काळी बिचारी गोंधळायची. शनिवारीसुद्धा मी ‘येते’ म्हटलं की ती उठायचीच, आणि मग आठवल्यासारखी खाली बसायची. कधी बसायचीही नाही.

रविवारी आम्हीच तिला शनिवार पेठेत घेऊन गेलो. आजींनी दार सताड उघडलं. उंबऱ्यापलीकडे पायरी, पायरीपलीकडे दुचाकी. काळीला आत पोत्यावर बसवलं. आजी मला म्हणाल्या, “तूच म्हण. तुझ्या आवाजाला ती हमखास उठेल.”

मी पायरी उतरले. काकू रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या, उगाच पदर पसरून. मी काळीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

“येते मी.”

तिचा पुढचा पाय उचलला गेला. कान उभे. माझ्या मनात आलं, मीच मान फिरवावी. पण नाही फिरवली. तो पाय तसाच हवेत राहिला, मग तिनं तो खाली ठेवला. होता तिथंच. कण्हली मात्र.

“तिऽतिऽतिऽ,” पोर आतून म्हणाली, आणि काळी वळून तिच्याकडं गेली.

आजींनी दार निम्मं लोटलं. “ये हं,” त्या म्हणाल्या. मी मागं पाहिलं, काळी आली का म्हणून. “तिला नाही गं, तुला म्हणतेय,” आजी म्हणाल्या.