ताईने काढलेली तार

माझी ताई पडद्यांच्या कारखान्यात मॅनेजर झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मला धास्ती वाटली. ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी मला जेवढा मार बसला, त्यातला बराचसा तिने आईला खरं सांगितल्यामुळे.

कारखाना म्हणजे एक लांब हॉल, दोन बाजूंना शिलाई मशिनं, मधे कापणीचं टेबल आणि दाराजवळ एक तार. ही तार मालकांची लाडकी. कुणाच्या हातून कापड बिघडलं की ते तारेवर टांगायचं आणि बिघडवणाऱ्याने दिवसभर त्याच्याखाली बसून शिवायचं. शिस्त म्हणे! मशीनवर होती तेव्हा ताईही एकदा तिथे बसली होती. डोक्यावर तिनेच शिवलेली वाकडी झालर, आणि येणारा-जाणारा आधी वर बघायचा, मग तिच्याकडे. ते सांगताना अजूनही तिचा आवाज चढतो. चढायलाच हवा.

आणि शिस्त कसली लागली? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच सगळे शिकले. चुकलेली शिवण अस्तराखाली जायची, आखूड तुकडा गठ्ठ्याच्या तळाशी. गिऱ्हाइकाच्या घरी पडदा चढला की बिंग फुटायचं.

मॅनेजर झाल्या झाल्या ताईने तार काढायची परवानगी मागितली. मालक म्हणाले, "काढा. पण मोठी ऑर्डर बिघडली तर तार परत लागेल, आणि तुम्ही परत मशीनवर." ताई "बरं" म्हणून मोकळी झाली. मी असते तर निदान घरी विचारलं असतं.

त्यानंतर चूक झाली की ताई "कुणी केलं?" असं विचारतच नसे. विचारायची, "कसं झालं?" एकीची शिवण रोज तिरकी जायची. ताई तिला उठवून स्वतः तिच्या स्टुलावर बसली, तर स्टूलच लंगडं! हळूहळू बायका आपणहून सांगायला लागल्या. म्हातारे कटिंगमास्तर मात्र मान हलवायचे. "तेरड्याचा रंग तीन दिवस," म्हणायचे.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. गर्द निळी मखमल. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. एक पट्टा सुलट आणि शेजारचा उलट लागला, तर एकाच ताग्याचे दोन रंग दिसतात. अर्धे पट्टे कापून झाले होते. एका संध्याकाळी मास्तर ताईसमोर येऊन उभे राहिले. हातातला खडू त्यांनी पार चुरून टाकला होता.

"बाई, आजचे सगळे पट्टे उलटे गेले. खालची गोलाईसुद्धा कापून झाली, आता फिरवून लावता यायचे नाहीत."

ताईने तरीही विचारलं, "कसं झालं, मास्तर?"

टेबलाचं दाराकडचं टोक म्हणजे पडद्याची वरची बाजू, अशी मास्तरांच्या हाताला जन्माची सवय. आणि आदल्याच दिवशी उजेड नीट पडावा म्हणून ताग्यासकट टेबल उलटं फिरवलं होतं. कुणी? आमच्या ताईने!

गप्प राहिली असती तर खापर मास्तरांवर फुटलं असतं. ताई सरळ मालकांच्या खोलीत गेली आणि पट्टे उलटे गेल्याचं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी तिला नंतर सुनावलं. मालक लाल झाले. "नाव सांगा!"

"टेबल मी फिरवलं आणि मास्तरांना सांगायचं राहिलं. मला मशीनवर पाठवा. पण तार लावू नका. ती असती तर मास्तर आज बोललेच नसते, आणि हे आपल्याला पडदा उघडल्यावर लोकांनी सांगितलं असतं."

"उद्या बघू," एवढंच मालक शेवटी म्हणाले.

ताई घरी आली आणि पोटभर जेवली. मी मात्र अर्ध्या ताटावरून उठले. एवढी सरळ बाई आणि एवढी निर्धास्त. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

सकाळी मालक हॉलमध्ये आले. एरवी ते दारातूनच ओरडायचे. आज कापणीच्या टेबलापर्यंत आले. मशिनं थांबली.

"उंचीचं माप मी घेतलं होतं," ते म्हणाले. "चुकीचं घेतलं. सगळेच पट्टे आखूड आहेत. गेला आठवडाभर मला माहीत आहे." त्यांनी घसा खाकरला. "कुणाला सांगायचं, तेच कळत नव्हतं. आता खाली जोड द्यावीच लागेल. उलट्या गेलेल्या पट्ट्यांतून तेवढं कापड निघेल ना?"

कुणी कुणाकडे बघेना. एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा. कटिंगमास्तरांनी आपलं स्टूल ओढून त्यांच्यापुढे सरकवलं.

"निघेल की," मास्तर म्हणाले. "बसा मालक. होतं असं."