डब्यातले लाडू

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीत मी, आमच्या घरातला पहिला बी.ए., कारकून म्हणून लागलो होतो. त्या दुष्काळी सालच्या भाऊबीजेला नांदेडच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक फेटेवाले मामा बसले. त्यांच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. दर थांब्याला ते झाकण उघडायचे, डोळे मिटून वास घ्यायचे, झाकण लावायचे आणि खिशातला सुक्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचे.

“खा की मामा एखादा,” मी म्हणालो.

“साखरेची बिमारी हाय, बाबा. डॉक्टरनं भाकर, भात, गोड समदं तोडलंय. हे बहिणीला. मी खात न्हाई म्हणून तिनं बी औंदा फराळ केला न्हाई म्हणं. माझ्या पथ्याचा उपास तिला कशापायी?”

नांदेडच्या स्टँडवर बहीण वाट पाहत उभीच होती.

“दादा, लई वाळलास...” एवढं ती म्हणतेय तोवर मामांनी तिच्या तोंडात लाडू कोंबला. मग स्वतः लहान पोरासारखा आ करून तिच्यापुढं उभे राहिले.

तोंड भरल्यामुळं तिला बोलता येईना. हसू आवरत तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत खोबरंच होतं.