सरांची अर्धी शिशी

आपलं डोकं दुखतंय हे चारचौघांत बोलू नये. पाय मुरगळला तर लोक एखादं तेल सांगून गप्प बसतात. डोकं दुखतंय म्हटलं की काय खाल्लं होतं ते विचारतात, आणि मग वर्षभर तुमच्या डब्यात डोकावतात. तुळजापूरजवळच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या डोक्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या गणितावर कधी झाली न्हाय. किस्से साठत गेले, आणि प्रत्येकात गाढव मीच.

सुरुवात धाराशिवच्या डॉक्टरांपासून. ते म्हणाले, "मायग्रेन आहे. कशानं उठतं ते तुम्हीच शोधा. कुणाला चहा बाधतो, कुणाला आंबवलेलं, कुणाला वेळेवर न जेवणं."

आमचे हेडमास्तर म्हणाले, "मायग्रेन कसलं? ही आपली जुनी अर्धशिशी. अर्धंच डोकं धरते. उन्हासंगं चढते, उन्हासंगं उतरते."

महादू शिपाई पाण्याचा जग घेऊन दारात उभा होता. त्यानं गंभीरपणे मान हलवली. त्यानं काय ऐकलं, ते मला फार उशिरा कळलं.

*

पहिला संशय चहावर. मी दिवसाला किती चहा पितो ते सांगत न्हाय. एवढंच सांगतो की शाळेसमोरचा टपरीवाला मला लांबून बघून आधण वाढवतो. एका बुधवारी मी चहा एकदम बंद केला. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की डोळा उघडवेना.

मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "बघा, चहाचं विष बाहेर पडतंय."

शेखसर आमच्याकडं विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, "सर, विष कसलं बाहेर पडतंय? चहा आत जाईना म्हणून डोकं बोंबलतंय. हळूहळू कमी करायचा असतो. घ्या, अर्धा कप घ्या."

घेतला. थोड्या वेळानं मी चक्क हसत वर्गावर गेलो. तेव्हापासून शेखसर व्यसनाचा धडा शिकवताना माझं उदाहरण देतात.

*

मंगळवारी माझा देवीचा उपवास, आणि मंगळवारी दुपारी डोकं हमखास. मी साबुदाण्याला धरलं. साबुदाणा सोडला आणि भगरीवर आलो. डोकं दुखलंच. भगर सोडली, शेंगदाणे सोडले, शेवटी नुसत्या पाण्यावर राहिलो. त्या दिवशी नववीच्या वर्गात मी फळ्यावर छान वर्तुळ काढलं आणि त्याच्या तीन कोनांची बेरीज विचारली. पोरांनी ती सांगितलीसुद्धा.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आता काय सोडायचं राहिलंय? पाणी?"

खरं सांगायचं तर मी तोच विचार करत होतो.

*

हिवाळ्यात सगळा स्टाफ तेरला हुरडा खायला गेला. मी ठरवलं, आता शास्त्रीय पद्धतीनं जायचं. एका वेळी एकच पदार्थ खायचा, मग वाट बघायची, डोकं शांत राहिलं तरच पुढचा. सुरुवात गुळाच्या खड्यानं केली. बाकीचे गरम हुरडा, शेंगाची चटणी, दही यांवर तुटून पडले होते. माझी पाळी हुरड्यापर्यंत आली तोवर आगटी विझली होती आणि लोक हात धूत होते.

परतीच्या बसमध्ये मी डोकं धरून बसलो.

शेखसर म्हणाले, "मग सर, कशानं दुखलं?"

"गुळानं. दुसरं काही खाल्लंच न्हाय."

शेखसर धाराशिवच्या स्टँडवर उतरताना म्हणाले, "सर, न्हाय खाल्लं, तेच तर."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गणिताचा मास्तर, आणि साधं एवढं गणित सुटेना. भूक हेच माझं दुखणं.

*

आता शेवटचा. माझ्या मुलीसाठी, प्राजूसाठी, उमरग्याचं स्थळ आलं. मुलगा सोलापूरला नोकरीला, घर चांगलं, आणि आमच्या जिवाला एकच घोर की हे जमावं. बघायला यायच्या आधी मुलाचे वडील गुपचूप शाळेत चौकशी करून गेले. गाठ पडली महादूची.

महादू मला म्हणाला, "सर, तुमचं लई चांगलं सांगितलं. डोक्याचंबी सांगून टाकलं, उगं झाकाझाकी नको."

नंतर कळलं, त्याचे शब्द असे होते: "सर देवमाणूस. फकस्त अर्धी शिशी हाय. ती चढली की तास घेत न्हाईत, खोलीत अंधार करून पडत्यात."

तेव्हा मला हे शब्द ठाऊक न्हाईत. दुखणं घराण्यात आहे म्हणून स्थळ मोडू नये, एवढीच भीती. विचारलं तर खरं सांगायचं, असं ठरवून बसलो. बघायला आले त्या दिवशी पोहे झाल्यावर मुलाचे वडील खुर्ची सरकवून जवळ आले.

"शाळेत कळलं. अर्धी असते म्हणं तुमची?"

"हो. कॉलेजात असल्यापासून."

"रोज?"

"छे, आता महिन्यातून एखादवेळी. पण उपाशीपोटी असलो की लगेच चढते."

"घरी चालतं?"

"चालवून घेतात. आमच्या आईला तर रोज दुपारी असायची."

पाहुण्यांनी आपल्या बायकोकडं बघितलं.

मी म्हटलं, "लपवत न्हाय. प्राजूलाही आहे थोडी. माझ्यावरच गेलीय."

पाहुण्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझा हात हातात घेतला. "सर, तुमच्यासारखा मोकळा माणूस बघितला न्हाय. मग आमीच का झाकून ठेवावं? आमच्या पोराचीबी असते. अर्धीच."

मला भरून आलं. मी विचारलं, "त्यांनाही उपाशीपोटीच चढते का?"

"न्हाय ओ, रिकाम्या पोटी कधीच घेत न्हाय. सोलापूरहून येताना नळदुर्गचा ढाबा हाय न्हवं? तिथं मटण खाऊनच बसतो."

प्राजू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तशीच, ट्रेसकट, आत गेली.