बरोबरीनं पळताना

घोट्याचं प्लॅस्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला आतले स्क्रू दाखवले आणि म्हणाले, चालायला हरकत नाही, पण पळण्याचं मनातून काढून टाका. मी मान डोलावली. दवाखान्यातून बाहेर पडून ऑटोत बसेपर्यंत माझं ठरलं होतं, पळायचं.

त्याआधी मी काही मोठी धावपटू नव्हते. साताऱ्याला शाळेत असताना पळायचे, बक्षिसंही मिळायची. मग कॉलेज, नोकरी, लग्न. नवऱ्याला इथं, तमिळ मुलखात, मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं, मी पेरुंगुडीच्या एका ऑफिसात लागले आणि आम्ही वेलचेरीत फ्लॅट घेतला. पळणं कधी सुटलं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एका संध्याकाळी शेअर ऑटोतून उतरताना पाय फुटपाथच्या फटीत अडकला आणि घोटा मोडला. जे मी आपण होऊन सोडलं होतं, ते आता दुसरं कुणी नको म्हणाल्यावर मला हवंसं झालं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझा हट्ट बघून तोंड वाकडं केलं, पण शिकवलं नीट. आधी एका पायावर उभं राहायचं, मग जिने, मग भराभर चालणं. बऱ्याच महिन्यांनी त्या म्हणाल्या की घोट्याला क्रेप बँडेज घट्ट बांधून थोडं पळून बघा, दुखलं तर थांबा. दुखायचं. मी थांबायचे, पुन्हा निघायचे.

वेलचेरीत पहाटे पळायचं म्हणजे स्टेशनजवळचा, उंच खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेच्या कडेनं जाणारा रस्ता बरा. घरोघरी दारात पाणी शिंपडून बायका कोलमची रांगोळी काढत असतात, आणि हवा इतकी दमट की पहिल्याच वळणावर घाम डोळ्यांत उतरतो. माझ्या पुढं रोज एक बाई पळायच्या. साठी ओलांडलेल्या, सलवार-कमीज, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायांत पांढरे बूट. त्या बघता बघता वळणाआड जायच्या.

एकदा एका हलत्या फरशीवर माझा पाय पडला आणि तोंडातून "आई गं" निघालं. त्या बाई पुढं गेल्या होत्या, त्या वळल्या.

"मराठी काय, मा?"

मी कळवळत हो म्हटलं. त्यांनी मला कडेला एका घराच्या पायरीवर बसवलं, बँडेज सोडवलं आणि पुन्हा बांधलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. बांधता बांधता त्या बोलत होत्या. त्यांचे पूर्वज तंजावूरचे. त्या स्वतः वाढल्या याच शहरात, वेस्ट मांबलममध्ये, तिथंच शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर मुलाकडे वेलचेरीला आल्या. त्यांची मराठी कानाला आधी अनोळखी वाटली. चाल तमिळ, आणि शब्द मात्र जुन्या पोथीतले. "पुष्कळ"च्या जागी "उदंड", "सगळे"च्या जागी "अस्के". मी त्यांना मावशी म्हटलं, तर म्हणाल्या, इथं अस्के मला मामी म्हणतात, तूंही म्हण.

दुसऱ्या दिवसापासून मामी माझ्याबरोबर पळू लागल्या. मी जिथं दमायचे तिथं नेमकं त्यांना काहीतरी सांगायचं असायचं, आणि सांगण्यासाठी त्या चालू लागायच्या. कधी सासूबाईंच्या स्वयंपाकाचं, कधी वर्गातल्या वात्रट मुलींचं. मला वाटायचं, वय झालंय, त्यांनाही दम लागत असेल. माझं अंतर वाढत गेलं. किनाऱ्याच्या रस्त्यावर थंडीत होणाऱ्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी नाव घातलं. मामींचं नाव दर वर्षी असायचंच.

मग एका सकाळी आमच्या रस्त्यावर पळणारे एक गृहस्थ मला एकटीला गाठून म्हणाले, तुमच्या मामींना काही झालंय का? गेली कित्येक वर्षं त्यांच्या वयोगटात त्या पहिल्या येतात, यंदा नुसत्या चालताना दिसतात.

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. माझ्या दम लागण्याच्या जागा त्यांनी पाठ केल्या होत्या आणि प्रत्येक जागेसाठी एक गोष्ट तयार ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना टाळायचं म्हणून लवकर निघाले. कोपऱ्यावर त्या उभ्याच. मीच विषय काढला. तुमचा सराव माझ्यापायी बुडतोय, मला सोडा आणि पुढं जा, असं मी म्हणाले. जरा रागानंच म्हणाले असेन, कारण मला दयेवर पळायचं नव्हतं.

मामींनी बुटाची नाडी सावकाश बांधली.

"पुढं जाऊन काय करूं? ते गेल्यापासून घरांत मराठी नाही. सून तमिळ बोलते, नातवंडं इंग्लिश. तुझ्याबरोबर पळते तेव्हा तोंड उघडतं माझं."

पण मीही हट्टी होते. शेवटी असं ठरलं की आठवड्यातले दोन दिवस त्या त्यांच्या वेगानं पळतील आणि बाकीचे दिवस आम्ही दोघी बोलत पळू. शर्यतीच्या दिवशी मात्र ज्यानं त्यानं आपापलं पळायचं. मामींनी मागं वळून बघायचं नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

शर्यतीच्या पहाटे किनाऱ्याच्या रस्त्यावर माणसंच माणसं. मामी पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या, मी मागं. सुरू झालं तेव्हा त्यांची ओढणी क्षणभर दिसली आणि मग दिसेनाशी झाली. त्यांनी शब्द पाळला.

अर्ध्यापर्यंत माझं छान चाललं होतं. मग रस्त्याच्या कडेला एक मुलगी दिसली, विशी-बाविशीची. हातात बूट घेऊन ती रडत होती. बुटाचा तळवा पुढून पार उकलून जिभेसारखा लोंबत होता. इथल्या दमट हवेत बूट नुसते कपाटात राहिले तरी त्यांचा डिंक सुटतो. मी तिच्या पुढून गेले. गेले आणि थांबले. माझ्या तमिळमध्ये भाजीबाजारापलीकडचं फारसं येत नाही, पण खुणा आणि मधले इंग्रजी शब्द धरून तिचं म्हणणं कळलं. वडिलांना न सांगता ती सराव करत आली होती. आज तिनं सांगून टाकलं होतं आणि ते शेवटच्या रेषेपाशी येऊन उभे होते.

माझ्याजवळ बांधण्यासारखं एकच होतं. मी खाली बसून घोट्याचं बँडेज सोडायला लागले तेव्हा तिनं माझा हात धरला. पायाकडे बोट दाखवून ती नको नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, मराठीतच म्हटलं, "माझा पाय माझा मी बघते. तू बूट घाल." तिला शब्द समजले नसतील, आवाज समजला. तिनं बूट घातला. मामींनी त्या पायरीवर बांधलं होतं तसं, टाचेमागून आडवं घेऊन, मी ते बँडेज तिच्या बुटावरून आवळलं आणि पिन लावली. ती दोन पावलं चालून बघते न बघते तोच पळत सुटली.

आता माझी पाळी. मोकळा घोटा आधी हलका वाटला, मग एकेका पावलागणिक कळ वर चढू लागली. लोक पुढं जात होते. पुष्कळ जण पुढं गेल्यावर मात्र एक अनोळखी माणूस वेग कमी करून माझ्या बाजूनं पळू लागला. तो रस्त्याच्या मधला, सपाट भाग मला देत स्वतः उताराच्या कडेनं पळत होता. चौकातल्या टेबलापाशी त्यानं बर्फाचं पाणी घेतलं, खाली वाकून माझ्या घोट्यावर ओतलं, आणि निघून गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. शर्टाची घामानं काळी झालेली पाठ तेवढी आठवते.

मी चालले नाही. एवढंच सांगता येईल. वेग चालण्याइतकाच असेल, पण प्रत्येक पाऊल पळण्याचं टाकलं. शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा उन्हानं डोळे दिपत होते आणि कर्णेवाला कुणाची तरी हरवलेली किल्ली पुकारत होता.

मामी एका झाडाखाली पाय पसरून इडली खात बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, कितव्या? त्यांनी डोकं हलवलं. यंदा दोघी त्यांच्या पुढं आल्या होत्या. माझ्यामुळेच, असं मी म्हणायला लागले. त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही, माझा मोकळा घोटा बघून बँडेज कुठं गेलं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातली इडली बाजूला ठेवली, माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि कुठं कुठं दुखतं ते बोटांनी दाबून बघितलं.

"सुजलं अहे. चार दिवस पळायाचं नाही."

"आणि मग?"

"मग पहाटे उठवते तुला."

परत येताना आम्ही वेलचेरीची गाडी धरली. उंचावरच्या फलाटावर उतरलो तर लिफ्ट बंद होती. मामी पुढं झाल्या आणि मी कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरू लागले. दुसऱ्या कुणी हात पुढं केला असता तर मी तो नको म्हटला असता. मामींनी केला नाही. त्या फक्त माझ्या एक पायरी खाली राहून उतरत होत्या आणि सून पुरणपोळी कशी बिघडवते ते सांगत होत्या. वळणावर मी थोडी थांबले, श्वास घेतला आणि पुढची पायरी उतरले.