भावोजींचा 'ग'

मीरा-भाईंदरमधल्या भाताला सरळ उभं राहायला कोणी शिकवलं असेल, तर आमच्या भावोजींनी. म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांनी. गोडदेवच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांचे साचे बनवणं हे त्यांचं काम, आणि सुट्टीच्या दिवशी उरलेल्या पत्र्यातून घरासाठी साचे घडवणं हा आराम. माशाचा, कमळाचा, किल्ल्याचा. उपमा असो, साबुदाण्याची खिचडी असो नाहीतर मसालेभात, साच्यातून मूद पाडल्याशिवाय पानात यायचा नाही. ताटभर पसरलेल्या उपम्याला ते 'सांडलेला' म्हणत आणि खरोखरच फडकं आणायला उठत. मूद पाडायच्या आधी आरोळी ठरलेली, "पंखा बंद!" मग साचा परातीत उलटा, बोटाच्या पेराने तीनदा टकटक, आणि तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही. एकदा माझी आई नेमकी तेव्हाच शिंकली आणि किल्ल्याचा बुरूज ढासळला. "आई, जरा कळ काढायची होतीत," भावोजी कळवळून म्हणाले. ताईचं म्हणणं एकच, "वीस वर्षं झाली लग्नाला, मोकळा भात कसा दिसतो ते विसरले मी."

हसा तुम्ही, मीही हसायचो. पण असा हात अख्ख्या भाईंदरात दुसरा नव्हता, हे आज छाती पुढे काढून सांगतो. सांगायला हवं होतं तेव्हा मात्र सांगितलं नाही.

२००४ साली मी सिल्व्हर पार्कला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या जेवणासाठी भावोजींनी आठ दिवस खपून नवा साचा कोरला, 'स्वागतम्'. भातावर अक्षरं सुलटी यावीत म्हणून साच्यात सगळी उलटी कोरलेली! हेड ऑफिसचे साहेब आले, तेव्हा भावोजी गाळ्यातल्याच खाकी शर्टात, खांद्यावर पंचा टाकून, परातीपाशी उभे होते. साहेबांनी मला विचारलं, "केटरर कुठला हो?"

"इथलाच आहे. भाईंदरचा."

एवढंच बोललो. पाणी वाढणारी ताई जागच्या जागी थांबली. भावोजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "शेठ, दोन मिनिटं पंखा बंद करता का?"

टकटक झाली, साचा उचलला गेला, टाळ्या पडल्या. मी फरशीकडे बघत होतो. मान वर केली तोवर साहेबांनी चमचा घातला होता, आणि भावोजी केटररसारखे निमूट आत निघून गेले होते.

चार वर्षं गेली. मग एका रविवारी त्यांच्या घरी कसंबसं तोंड उघडलं. "भावोजी, वास्तुशांतीला मी जे बोललो..."

"माहितीये रे. पहिल्यापासून घाबरट तू." ते हसले. मग खुर्ची पुढे ओढून, ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मला तेवढं सांग. मी तर न बघताच लगेच आत गेलो, तू समोरच होतास. 'ग'ची दांडी सुटी उठली होती ना? फार छळलं होतं तिने मला."

"उठली होती, भावोजी," मी म्हणालो. "अगदी सुटी."