लेकीच्या गावचं पाणी

लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडं रीत होती. बहुतेक बायका ती घरापुरती पाळायच्या. माझी सासू गावच्या शिवेपासून पाळायची. तिच्या लेकीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि अजून काही नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मी विसरले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन उन्हाळे झाले होते. बोरीला सासूच्या भाच्याचं लग्न होतं, संध्याकाळी गोरजवर. गडीमाणसं पहाटेच बैलगाडीनं गेली. नणंदही आदल्या दिवशी तिच्या सासरहून तिकडं गेलेली. सासूला एसटीनं जायचं होतं, म्हणून आम्ही सात बायका फाट्यावर बसून राहिलो. गाडी आली नाही. दहा वाजून गेल्यावर, तीन कोस तर आहे म्हणून पायी निघालो. उन्हासाठी पदरात कांदे बांधले. पाण्याची कळशी एकच, तोंडावर गिलास पालथा. ती माझ्या डोक्यावर, कारण सगळ्यांत धाकटी मी.

पहिला कोस हसण्यात गेला. चुलत जाऊ पुढं चालत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, एसटीत खिडकीची जागा घावली का?"

"घावली की," सासू म्हणाली. "म्होरं म्हैस चालायलीय, तेवढंच दिसायलंय."

एका पळसाखाली सगळ्या पाणी प्याल्या. सासू दोनच घोट पिली आणि म्हणाली, ऱ्हाऊ दे, म्होरं लागंल. तळाला गिलासभर उरलं होतं. पुढं नणंदेच्या गावाच्या शिवारात वाटेलाच विहीर होती, दुष्काळातही न आटलेली. ओझं कशाला वाहायचं म्हणून ते उरलेलं मी पिऊन टाकलं.

विहिरीवर सगळ्या पोटभर प्याल्या, तोंडं धुतली. सासू बाभळीखाली पाठ करून बसली. तिची पाठ बघितली आणि मला रीत आठवली.

"कळशीत आपलं हाय का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"कोण पिलं?"

"मी."

"बरं. चला मग."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाऊनं हातापाया पडून बघितलं. सासू म्हणाली, "माझ्या लेकीची कूस उजवू द्या, मग हितलंच पिते." मी तरी कळशी भरून घेतली.

पुढं दीड कोस नुसता माळ. झाड नाही, ओढा कोरडा. सासूची पावलं वाकडी पडायला लागली. मी दंड धरला तर तव्यासारखा तापलेला, आणि घामाचा टिपूस नाही. मला म्हणाली, "अक्का, बैल सोडले का?" तिची अक्का मरून दहा वर्षं झाली होती. थोडं चालून ती वाटेतच खाली बसली आणि तिचे डोळे फिरले.

बायकांनी भोवती उभं राहून पदराची सावली धरली. मला सासूची माया वगैरे काही नव्हती. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मला भीती होती ती नवऱ्याची आणि भावकीची. म्हातारी मेली तर कुणाच्या गिलासापायी मेली, हे सगळ्या सांगणार होत्या.

जाऊ म्हणाली, "अंगावर वत. अंगावर घ्यायला रीत आडवी येत न्हाई."

मी डोक्यावर, छातीवर पाणी ओतलं. तिनं डोळे किलकिले केले. तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, घरचं घोटभर राहिलंय तळाला. घ्या."

पाचही जणींनी पदर तसाच धरून ठेवला. जाऊ माळाकडं बघायला लागली. सासूनं एक घोट घेतला आणि थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग गिलास संपवला आणि म्हणाली, "आणिक दे." मी दिलं. घोटभर राहिलेलं पाणी ती तीन गिलास पिली.

ऊन उतरल्यावर तिला दोघींनी धरून चालवलं. बोरीत पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

भीती तिथं संपली नाही. नणंदेला मूल होईना. दर महिन्याला निरोप यायचा, काही नाही. सासू नवस बोलायची आणि मी चुलीपुढं बसून घाम पुसायचे. पाच जणींपैकी एकीचं जरी तोंड उघडलं असतं तरी नणंदेचं वांझपण माझ्या माथी आलं असतं, आणि मला माहेरी धाडलं असतं. जावेशी मी तीन वर्षं भांडले नाही.

चौथ्या वर्षी नणंदेला मुलगी झाली. बारशाला जाताना सासू त्याच विहिरीवर थांबली. आपल्या हातानं पाणी शेंदलं, गिलासभर पिली आणि म्हणाली, "हेच व्हतं ना ते?"

मी मान हलवली.

"पहिल्याच घोटाला कळलं व्हतं. आपलं मचूळ लागतंय, हे गोड हाय."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर थुकावं लागलं असतं. तहान लय लागली व्हती."

तिनं दुसरा गिलास भरला. तीन वर्षं मी कशी काढली हे सांगायला तोंड उघडलं होतं. मग नाही सांगितलं. कळशी उचलली आणि तिच्या मागं चालायला लागले.